लॅबच्या चिठ्ठीत रुग्ण कुठे असतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत कृत्रिम दातांविषयी नुकताच आलेला लेख मी दोनदा वाचला. कवळी, ब्रिज (शेजारच्या दातांना धरून पक्का बसवलेला दात) आणि इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेले कृत्रिम मूळ) यांची तुलना करणारा एक तक्ता त्यात होता. टिकाऊपणा, दिसणे, सोय अशा रकान्यांत प्रत्येकाला गुण दिलेले होते आणि इम्प्लांट हाच सर्वोत्तम पर्याय, असा निष्कर्ष शेवटी काढलेला होता. लेखातली माहिती खोटी आहे, असे मला म्हणायचे नाही. मात्र हे दात ज्याच्या तोंडात बसायचे, त्याच्यासाठी त्या तक्त्यात एकही रकाना नव्हता. हीच उणीव मी कामाच्या टेबलावर एकतीस वर्षे पाहत आलो आहे, म्हणून हे पत्र.

मी दंततंत्रज्ञ आहे. दंतवैद्य रुग्णाच्या तोंडाचे माप घेऊन आमच्या लॅबमध्ये पाठवतात. आम्ही त्या मापात प्लास्टर ओतून जबड्याचे मॉडेल करतो आणि त्या मॉडेलवर कॅप, ब्रिज किंवा कवळी घडवतो. अलीकडे मापाऐवजी स्कॅन येतो आणि मॉडेल पडद्यावर दिसते, पण कामाची जात तीच राहिली आहे. रुग्णाची आणि आमची गाठ सहसा पडत नाही. त्याच्याविषयी आम्हाला जे कळते ते मॉडेलवरून आणि सोबत आलेल्या चिठ्ठीवरून. 'खालची उजवी पहिली दाढ, झिर्कोनिया कॅप, शेड ए-टू, शुक्रवारी हवी,' एवढ्यावर बहुतेक चिठ्ठ्या संपतात. रुग्णाचे वय, त्याची औषधे, त्याचे हात थरथरतात का, तो रात्री झोपेत दात खातो का, यांपैकी काहीही तिच्यात नसते. सर्वांत खटकणारी गोष्ट अशी की, या कॅपनंतर त्या तोंडात आणखी काय करायचे ठरले आहे, याचाही उल्लेख नसतो.

त्या न झालेल्या उल्लेखाची किंमत काय असते, हे मी एका कामावरून शिकलो. एका दंतवैद्यांकडून खालच्या जबड्यातल्या दोन्ही बाजूंच्या उपदाढांच्या, म्हणजे सुळा आणि दाढा यांच्यामधल्या दातांच्या, चार कॅपचे काम आले. कॅप चांगल्या झाल्या, नीट बसल्या, रुग्ण खूश झाला. दोन महिन्यांनी त्याच रुग्णाचे मॉडेल पुन्हा टेबलावर आले आणि या वेळी चिठ्ठी होती मेटल फ्रेमच्या अर्धवट, म्हणजे काही दातांपुरत्या, काढता-घालता येणाऱ्या कवळीची, कारण त्याच्या मागच्या दाढा दोन्ही बाजूंना नव्हत्या. आता अशा कवळीचा भार नुसत्या हिरडीवर पडू नये म्हणून आधाराच्या दाताच्या माथ्यावर एक छोटा खळगा ठेवावा लागतो, ज्यात फ्रेमची बोटभर नव्हे, तांदळाच्या दाण्याएवढी पट्टी टेकते. कवळी ज्या दिशेने आत सरकते त्या दिशेला समांतर अशी दाताची एक भिंत लागते आणि क्लॅस्पला, म्हणजे कवळी दाताला पकडून ठेवणाऱ्या आकड्याला, धरायला नेमक्या उंचीवर थोडा फुगवटा लागतो. कॅप मेणात असताना हे तिन्ही करायला मला फार तर पंधरा मिनिटे लागली असती. पक्क्या बसलेल्या सिरॅमिकमध्ये खळगा कोरायचा म्हणजे कॅप पातळ होऊन तडकण्याला आमंत्रण. शेवटी दोन कॅप तोडून नव्याने कराव्या लागल्या आणि उरलेल्या दोन ठिकाणी फ्रेमने जमेल तशी तडजोड केली. दंतवैद्यांचे काम वाईट नव्हते, आमचेही नव्हते. दोन चांगली कामे उलट्या क्रमाने झाली होती. त्यात माझाही वाटा होता, हे कबूल करायला हवे. मागच्या दाढा नाहीत हे पहिल्याच दिवशी मॉडेलवर मला दिसत होते. फोन करून 'इथे पुढे काय करायचे आहे?' एवढे विचारायचे मला सुचले नाही.

कृत्रिम दातांच्या उपचारांची आखणी शेवटापासून सुरुवातीकडे करावी लागते, ती याचसाठी. सगळे काम पूर्ण झाल्यावर तोंड कसे असेल हे आधी ठरवायचे आणि मग मागे येत पहिल्या दिवशी काय करायचे ते ठरवायचे. याची साधी रीत उपलब्ध आहे. दोन्ही जबड्यांची मॉडेल आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्याच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या चौकटीवर, चढवायची आणि नसलेले दात मेणात लावून पाहायचे. त्यात अनेक गोष्टी उघड होतात, ज्या तोंडात डोकावून कळत नाहीत. खालची दाढ काढून वर्षे लोटली की तिच्यासमोरची वरची दाढ हळूहळू खाली उतरते. रुग्णाला ते जाणवत नाही. आर्टिक्युलेटर मिटला की दिसते की वरच्या दाढेचा माथा आणि खालची हिरडी यांच्यामध्ये जेमतेम बोटाच्या नखाएवढी फट उरली आहे, आणि तेवढ्यात कृत्रिम दात, त्याखालचे अ‍ॅक्रिलिक आणि धातूची जाळी हे सगळे मावणे शक्य नाही. मग वरची दाढ घासून कमी करायची, की रूट कॅनाल करून तिला कॅप घालायची, की ती काढूनच टाकायची, हा निर्णय खालच्या कवळीचे माप घेण्याआधी व्हायला हवा. प्रत्यक्षात तो कवळी तयार होऊन 'उंच लागते' अशी तक्रार आल्यावर होतो आणि मग कृत्रिम दाताचा माथा घासून घासून सपाट केला जातो.

तक्त्याकडे परत येतो. जागा तीच, दात तेच गेलेले, आणि तरीही दोन रुग्णांना उलट उत्तरे द्यावी लागतात, याचे एक उदाहरण देतो. खालच्या जबड्यातल्या दोन्ही बाजूंच्या दाढा गेलेले दोन रुग्ण आहेत, असे समजा. दंतवैद्य एडवर्ड केनेडी यांनी १९२५ साली केलेल्या आणि आजही वापरात असलेल्या, काही दात गेलेल्या जबड्यांच्या वर्गीकरणात दोघेही पहिल्या वर्गात मोडतात. पहिल्याचे वरचे सगळे दात शाबूत आहेत आणि खालच्या उपदाढा भक्कम आहेत. अशा तोंडात मागची जागा भरलीच पाहिजे असे नाही, हे नेदरलँड्समधील दंतवैद्य कायझर यांनी १९८१ साली मांडले. पुढचे दात आणि उपदाढा यांची समोरासमोर जुळणी टिकून असेल, तर अनेकांचे चावणे आणि दिसणे पुरेसे चांगले राहते, आणि केवळ जागा मोकळी आहे म्हणून तिथे कवळी घातली तर ती बहुधा डबीतच राहते. या रुग्णाला 'काही करू नका, सहा महिन्यांनी दाखवा' हा सल्ला खरा उपचार ठरू शकतो. दुसऱ्या रुग्णाच्या वरच्या जबड्यात मात्र पूर्ण कवळी आहे. खालचे पुढचे नैसर्गिक दात तिच्या पुढच्या भागावर सतत दाब देतात, मागे आधार नसल्याने कवळी पुढून वर ढकलली जाते, पुढचे हाड झिजत जाते आणि हाडाच्या जागी बोटाने हलणारी मऊ हिरडी उरते. दंतवैद्य केली यांनी हे चित्र १९७२ साली वर्णिले होते आणि लॅबमध्ये असे मॉडेल आजही येते. मापातच तो भाग चुरगळलेला दिसतो. या रुग्णाच्या मागच्या जागा मोकळ्या सोडणे म्हणजे वरच्या जबड्याचे नुकसान होऊ देणे. दोघांच्या चिठ्ठ्या मात्र शब्दशः सारख्या असू शकतात.

एका दाताच्या बाबतीतही हेच आहे. मधला एक दात गेला तर ब्रिज की इम्प्लांट, असा प्रश्न तक्त्यात विचारला जातो. मी आधी शेजारच्या दोन दातांकडे पाहतो. पूर्ण कॅपसाठी दात घासताना त्याच्या हिरडीबाहेरच्या भागाचा ६३ ते ७२ टक्के हिस्सा निघून जातो, असे एडेलहॉफ आणि सोरेनसेन या संशोधकांनी २००२ साली वजन करून दाखवले होते. शेजारचे दोन्ही दात निरोगी असतील, तर एका दातासाठी दोन धडधाकट दातांचा एवढा भाग घालवणे मला तरी पटत नाही. तिथे इम्प्लांट, किंवा पुढच्या दातांत मागच्या बाजूने चिकटवण्याचा पंखाचा ब्रिज, यांचा विचार आधी व्हावा. पण तेच शेजारी दात मोठ्या भरणांनी पोखरलेले असतील आणि त्यांना नाहीतरी कॅप लागणारच असेल, तर ब्रिजमध्ये एकाच खर्चात तिन्ही कामे होतात. तक्त्यात ब्रिजला मिळालेले गुण या दोन तोंडांसाठी सारखेच होते.

इम्प्लांटविषयी लिहिताना माझी लेखणी थोडी जड होते, कारण मी त्याचा विरोधक नाही. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, तेव्हापासून या विद्येने असंख्य लोकांना पुन्हा चावायला दिले आहे. पण चुकीच्या जागी बसलेल्या इम्प्लांटइतके हताश करणारे काम लॅबमध्ये दुसरे नाही. हाड जिथे जाड मिळाले तिथे इम्प्लांट बसवून झालेले असते आणि त्यावर दात करायला मॉडेल आमच्याकडे येते. पाहावे तर दात बसवण्याच्या स्क्रूचे भोक पुढच्या दाताच्या ओठाकडच्या बाजूने, हसताना दिसेल असे बाहेर येते, किंवा दोन दातांच्या मधल्या फटीत. हाडात घट्ट बसलेले इम्प्लांट हलवता येत नाही. मग आम्ही गुलाबी रंगाची हिरडी लावतो, वाकडा जोड देतो आणि झाकपाक करतो. आधी मेणाचा दात लावून, त्याच्या जागेवरून इम्प्लांटची दिशा ठरवून, थ्री-डी स्कॅनवर हाड तपासून आणि मार्गदर्शक पट्टी बनवून काम केले असते, तर हाड अपुरे असल्याचेही वेळेत कळले असते. दात कुठे हवा हे आधी आणि इम्प्लांट कुठे बसेल ते नंतर, हा क्रम पाळणारे दंतवैद्य माझ्या ओळखीत अनेक आहेत. त्यांच्या चिठ्ठीवरूनच ते ओळखू येतात.

जे मॉडेलवर उमटत नाही ते आणखी महत्त्वाचे आहे, आणि तिथे माझ्यासारख्याचे ज्ञान संपते. तरी एवढे सांगू शकतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा हाडात पसरलेल्या कर्करोगासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे दात काढल्यानंतर जबड्याचे हाड उघडे पडून कुजू शकते, ही गोष्ट २००३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागली. जबड्याला किरणोपचार झालेले असतील, मधुमेह आटोक्यात नसेल, रुग्ण रोज धूम्रपान करत असेल, तर तोच इम्प्लांट वेगळा जुगार ठरतो. तोंड कोरडे पाडणारी औषधे तर कितीतरी आहेत. वरची कवळी टाळूला धरून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे. लाळच नसेल तर उत्तमातली उत्तम कवळीही सुटते आणि हिरडी सोलवटते, आणि दोष येतो माप घेणाऱ्यावर नाहीतर आमच्यावर. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या माणसाला मी एकदा इतके घट्ट क्लॅस्प करून दिले की कवळी एकदा बसली ती त्याला स्वतःच्या हाताने काढता येईना. त्याच्या मुलीला रोज रात्री ती काढून द्यावी लागे. 'हात अधू' हे दोन शब्द चिठ्ठीत असते, तर क्लॅस्प सैल ठेवून नख अडकवायला एक खाच ठेवणे अवघड नव्हते.

संपूर्ण कवळीकडे तर आता 'जुनी पद्धत' म्हणून पाहिले जाते, आणि तिच्यासाठी आखणी लागते हेच लोक विसरतात. सगळे दात काढून टाकण्याचा निर्णय इतक्या सहज होतो की मला आश्चर्य वाटते. दात गेले की त्यांना धरून असलेले हाड झिजू लागते आणि वर्षानुवर्षे झिजतच राहते. संशोधक टालग्रेन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या, २५ वर्षे चाललेल्या पाहणीत खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली होती. क्रम (Crum) आणि रूनी या संशोधकांनी १९७८ साली दाखवले की खालच्या दोन सुळ्यांची मुळे राखून त्यांवर कवळी घातलेल्या रुग्णांत पाच वर्षांत सरासरी ०.६ मिलिमीटर हाड गेले, तर सगळे दात काढलेल्यांत ५.२ मिलिमीटर. वेडेवाकडे, अर्धे तुटलेले दोन सुळे म्हणजे रुग्णाच्या दृष्टीने कटकट असते. त्यांवर रूट कॅनाल करून, ते हिरडीलगत कापून कवळीखाली ठेवले तर ते हाड धरून ठेवतात. हा पर्याय रुग्णापुढे मांडलाच गेला नाही, तर त्याने 'सगळे काढून टाका' म्हटले यात त्याची चूक नाही. पन्नाशीतल्या रुग्णाच्या बाबतीत तर पुढची तीस वर्षे त्याला उरलेल्या हाडावर काढायची आहेत, हा हिशेब करायलाच हवा. ज्यांचे सगळे दात गेलेच आहेत, त्यांच्या खालच्या कवळीला दोन इम्प्लांटचा आधार ही पहिली निवड असावी, असे माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटले. तेही सर्वसाधारण विधान आहे. शस्त्रक्रिया नको म्हणणारी, साध्या कवळीवर समाधानी असलेली माणसे भरपूर आहेत आणि त्यांना ती नीट करून द्यावी.

नीट म्हणजे कशी, हे मला एका आजींनी शिकवले, आणि त्यांना मी कधी पाहिलेही नाही. त्यांची वीस वर्षांची जुनी कवळी झिजली होती म्हणून नवी केली. ती नियमाप्रमाणे बिनचूक होती: उंची बरोबर, दात ठसठशीत, रंग उजळ. आजींनी ती परत केली. दुसरी केली, तीही परत आली. तिसऱ्या वेळी दंतवैद्यांनी शहाणपणा करून जुनी कवळीच डबीत घालून पाठवली. ती हातात घेतल्यावर लक्षात आले की जीभ जिथे विसावते तिथली जागा आमच्या नव्या कवळीत अरुंद झाली होती आणि झिजून कमी झालेली उंची आम्ही एकाच झटक्यात भरून काढली होती. वीस वर्षांत त्यांच्या जिभेने, गालांनी आणि जबड्याच्या स्नायूंनी त्या झिजलेल्या कवळीशी जमवून घेतले होते. मग आम्ही जुन्या कवळीचाच साचा केला, तिचा आकार जसाच्या तसा घेतला आणि उंची थोडीच वाढवली. 'माझीच कवळी धुऊन दिल्यासारखी वाटते,' असे आजी म्हणाल्याचे दंतवैद्यांनी फोनवर कळवले. तेव्हापासून कवळीचे काम आले की मी आधी जुनी कवळी मागवून घेतो.

मेणातल्या दातांची चाचणी हीसुद्धा उरकण्याची गोष्ट नाही. दात अजून मेणात आहेत तोवर काहीही बदलता येते. एकदा कवळी अ‍ॅक्रिलिकमध्ये शिजली की प्रत्येक बदल म्हणजे घासणे किंवा तोडणे. त्या दिवशी रुग्णाने घरच्या ज्या माणसाच्या मताला किंमत आहे त्याला सोबत न्यावे, तरुणपणीचा हसरा फोटो न्यावा, आणि आरशात नुसते पाहण्याऐवजी बोलून पाहावे. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट असे सत्तरपर्यंत मोजले की 'स' आणि 'ष'मध्ये शिट्टी वाजते का, दात एकमेकांवर आपटतात का, ते लगेच कळते. 'व' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकेच लागायला हवी. दात फार पांढरे, फार सरळ हवेत असा आग्रह रुग्ण धरतात, तेव्हा मी दंतवैद्यांना एकच विनंती करतो की दोन नमुने दाखवा आणि निवड रुग्णाला करू द्या, कारण तोंड त्याचे आहे. माझी आवड तिथे गैरलागू आहे.

दंतवैद्यांवर हे पत्र रोखलेले आहे, असा समज होऊ नये. रुग्णालाही घाई असते. 'आज माप, उद्या दात' असे सांगणारा त्याला कुशल वाटतो आणि मॉडेल, एक्स-रे, फोटो घेऊन 'पुढच्या आठवड्यात या, मी विचार करून आराखडा देतो' म्हणणारा वेळकाढू वाटतो. त्या विचार करण्याच्या तासाचे पैसे द्यायला तर कोणीच तयार नसते. तरी कोणताही दात घासण्याआधी किंवा काढण्याआधी रुग्णाने काही प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत. शेवटी तोंडात काय काय असेल? कामांचा क्रम कोणता आणि तोच का? काहीच केले नाही तर काय होईल? आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हा, की यातला एक दात काही वर्षांनी निकामी झाला तर बाकीच्याचे काय होईल. बारा दातांचा एकसंध ब्रिज एका मुळाच्या दुखण्यामुळे अख्खा कापून काढावा लागलेला मी पाहिला आहे. तोच तीन तुकड्यांत केला असता, तर एक तुकडा गेला असता.

आपल्या लेखाच्या शेवटी पुढच्या भागात इम्प्लांटच्या निरनिराळ्या ब्रँडची तुलना देणार असल्याचे म्हटले आहे. ती अवश्य द्यावी. त्या तक्त्याच्या आधी मात्र एखाद्या कृत्रिम दंतोपचार तज्ज्ञाकडून एकाच रुग्णाचा संपूर्ण आराखडा, म्हणजे पहिल्या तपासणीपासून शेवटच्या दातापर्यंत, नाकारलेल्या पर्यायांसह आणि ते का नाकारले या कारणांसह, लिहवून घेऊन छापता आला तर पाहावे, अशी विनंती करतो. रुग्णाचे नाव अर्थातच नको. वय, औषधे, हातांची अवस्था आणि उरलेले दात एवढे पुरे.

आपला,
एक वाचक आणि दंततंत्रज्ञ